सक्रिय ध्यान

सक्रिय ध्यान : जोरकस श्वास, मोकळा आरडाओरडा, उड्या आणि नाच यांनी शरीर ढवळून काढायचे आणि मग एकदम निश्चल व्हायचे, अशी ध्यानपद्धती. रजनीश (ओशो, १९३१–१९९०) यांनी ती १९७० मध्ये मुंबईत मांडली. पुढे पुण्याच्या कोरेगाव पार्कमधल्या आश्रमातून ती जगभर गेली. साधक तिला नुसते ‘डायनॅमिक’ म्हणतात. साठलेला राग आणि ताण बाहेर टाकण्याचा मार्ग म्हणून तिची ख्याती आहे. ती कितपत खरी, हे पुढे पाहू.

जबलपूर येथील तत्त्वज्ञानाची प्राध्यापकी १९६६ मध्ये सोडून रजनीश देशभर व्याख्याने देत फिरले आणि १९७० मध्ये मुंबईत राहायला आले. त्यांचा मुद्दा साधा होता. पारंपरिक ध्यानविधी ज्या माणसासाठी घडले, तो दिवसभर शेतात राबणारा, रडू आले तर रडणारा माणूस होता. आजचा शहरी माणूस राग गिळतो, हसूही मोजून हसतो. त्याला थेट पद्मासनात बसवले तर शांती लाभत नाही, नुसती आतली खदखद ऐकू येते. तेव्हा आधी ती बाहेर काढा, मग बसा. याच महाराष्ट्रात इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात साधक दहा दिवस मौन पाळून, अंग न हलवता श्वास आणि संवेदना पाहतात. दोन्ही पद्धतींचा शेवट साक्षीभावातच होतो, पण तिथवर पोचण्याच्या वाटा अगदी उलट्या आहेत.

ध्यान एक तासाचे, पाच टप्प्यांचे. वेळ पहाटेची, पोट रिकामे, डोळे मिटलेले. बहुतेक जण पट्टीच बांधतात. पहिली १० मिनिटे नाकाने वेगवान, मुद्दाम बेताल श्वास. भर उच्छ्वासावर, श्वास आत घेण्याचे काम शरीर आपले आपण करते. श्वासाला लय सापडली की मन पुन्हा सरावाच्या वाटेला लागते, म्हणून लय लागूच द्यायची नाही. दुसरी १० मिनिटे रेचनाची : ओरडा, रडा, हसा, हातपाय आपटा, मनात येईल ते करा. सुरुवातीला थोडे नाटक करायलाही मुभा असते. मात्र दुसऱ्याला हात लावायचा नाही. तिसऱ्या टप्प्यात दोन्ही हात वर करून १० मिनिटे उड्या मारायच्या. दर वेळी पूर्ण पाऊल, टाचेसकट, जमिनीवर आणि बेंबीच्या तळातून ‘हू’चा हुंकार. पोटऱ्या सर्वांत जास्त भरून येतात त्या इथे.

मग ‘स्टॉप!’ अशी हाक येते. जिथे, जसे असाल तसे १५ मिनिटे गोठून जायचे. हात वर असेल तर वरच. खोकायचे नाही, खाजवायचे नाही, घाम पुसायचा नाही. जे चालले आहे ते फक्त पाहायचे. शेवटची १५ मिनिटे संगीतावर नाच. हे संगीत जर्मन संगीतकार डॉयटर यांचे आहे, आणि कोणत्या टप्प्यात आहोत हे डोळे मिटलेल्या साधकाला त्यावरूनच कळते. सलग २१ दिवस करून मगच मत बनवावे, असे सांगितले जाते.

आजचा आराखडा एकदम ठरलेला नाही. मे १९७० मध्ये गुजरातमधल्या नारगोळच्या शिबिरात तिसऱ्या टप्प्यात ‘हू’ नव्हता. साधक ‘मैं कौन हूं?’ असे स्वतःला विचारत. हा सूफी हुंकार नंतर आला. अचानक थांबण्याची युक्ती गुर्जीएफ या गूढवादी गुरूच्या ‘स्टॉप’ व्यायामाशी जुळते, आणि गुर्जीएफविषयीचा आदर रजनीशांनी कधी लपवला नाही. १९७४ मध्ये मुक्काम पुण्याला हलल्यावर याच घराण्यातली इतर ध्याने रुळली. त्यांत संध्याकाळचे ‘कुंडलिनी’ सौम्य आहे : १५ मिनिटे अंग थरथरू देणे, १५ मिनिटे नाच, मग तितकाच वेळ स्थिर राहणे आणि शेवटी तितकाच वेळ पडून राहणे. ज्यांना डायनॅमिक झेपत नाही त्यांना ते जमते. १९८८ चे ‘मिस्टिक रोझ’ मात्र २१ दिवसांचे : रोज तीन तास, एक आठवडा हसणे, एक आठवडा रडणे, एक आठवडा शांत बसणे.

‘रेचन’ हा शब्द मुळात वैद्यकाच्या घरचा. ॲरिस्टॉटलच्या ‘कॅथार्सिस’ला मराठी समीक्षेने ‘विरेचन’ म्हटले, तेही पोट साफ करण्याच्या उपचारावरूनच. आपली भाषाही रागाकडे तशीच पाहते : राग गिळतात, तो साठतो, कोंडतो आणि एक दिवस बांध फुटतो. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी कोंडलेल्या भावनांना वाट करून देण्याचा उपचार मांडला, तोही याच कल्पनेवर.

अडचण अशी की राग म्हणजे टाकीतले पाणी नव्हे. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६०० विद्यार्थ्यांना आधी चिडवण्यात आले. चिडवणाऱ्याचा विचार करत ज्यांनी पंचिंग बॅगवर ठोसे मारले, त्यांचा राग सर्वांत जास्त राहिला. नुसते शांत बसलेल्यांचा सर्वांत कमी. पुढे २०२४ मध्ये १५४ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातही हेच दिसले : शरीराची उत्तेजना उतरवणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो, ती चढवणाऱ्यांनी एकंदरीत उतरत नाही.

मग डायनॅमिक करून उठलेला माणूस हलका का दिसतो? प्रस्तुत लेखकाच्या मते श्रेय ओरडण्याला कमी आणि चौथ्या टप्प्याला जास्त द्यायला हवे. दमलेले शरीर थांबते, नाडी खाली येते, आणि मनातल्या मनात भांडण उगाळायला त्राणच उरत नाही. दुसऱ्या टप्प्यात साहेबाचा किंवा सासूचा चेहरा समोर आणून ओरडणाऱ्याची गत मात्र बुशमनच्या विद्यार्थ्यांसारखी व्हायची. केवळ दुसरा टप्पा उचलून भरवलेली ‘भडास काढा’ शिबिरे म्हणूनच फसवी वाटतात.

धोकेही आहेत. वेगाने श्वास सोडत राहिल्यास रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. गरगरते, बोटांना मुंग्या येतात, कधी पंजे आखडतात. नवखे याला ‘ऊर्जा जागी झाली’ समजतात. हृदयविकार, उच्च रक्तदाब, अपस्मार, काचबिंदू किंवा गरोदरपण असेल तर हे ध्यान करू नये. गुडघे दुखत असतील तर उड्या टाळाव्यात. जुने मानसिक आघात एकट्याने उकरून काढणेही बरे नव्हे.

दाट वस्तीत राहणाऱ्यांसाठी मूक आवृत्ती आहे. तिच्यात रेचन केवळ अंगविक्षेपांनी करायचे आणि ‘हू’ मनातल्या मनात म्हणायचा. टाचा मात्र खालच्या मजल्यावर ऐकू जातातच, तेव्हा पायाखाली जाड सतरंजी घालावी.