ऋण, तप्पु, भोगसणे: सीमाभागातल्या ख्रिस्ती क्षमेची पार्श्वभूमी

बेळगावात प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, मराठीत होते, कन्नडमध्ये होते आणि कोकणीतही होते. क्षमेच्या ओळीला आलं की तिन्ही भाषांच्या वाटा वेगळ्या होतात. मराठी पवित्र शास्त्रात ती ओळ अशी आहे: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ कन्नडमध्ये ऋणाच्या जागी ‘तप्पु’ येतो, म्हणजे चूक. मुळची गोव्याकडची कोकणी घरं ‘पातकां भोगोस’ म्हणतात. भोगसणे म्हणजे क्षमा करणे. खानापूर-बेळगाव पट्ट्यात वाढलेल्या ख्रिस्ती माणसाच्या कानांवरून हे तिन्ही शब्द गेलेले असतात, आणि सगळ्यांचा अर्थ एकच असं तो सहज धरून चालतो.

माझ्या मते त्यात मराठी शब्द सर्वांत अडचणीचा आहे. चूक विसरता येते, पातक धुतलं जातं. ऋणाला मात्र रक्कम असते, आणि ते सोडलं तर सोडणाऱ्याच्या खिशातून काहीतरी जातं.

हा शब्द भाषांतरकारांनी पदरचा घातलेला नाही. येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे, तिच्यात ‘होबा’ या एकाच शब्दाने कर्जही सांगत आणि पापही. शुभवर्तमानकार मत्तयाने ग्रीकमध्ये लिहिताना कर्जाचा शब्द ठेवला. दुसरा शुभवर्तमानकार लूक याने पहिल्या अर्ध्या भागात ‘पाप’ केलं, पण दुसऱ्या अर्ध्यात माणसं त्याच्याकडेही ऋणकोच राहिली. त्याच्याही मागे मोशेचं नियमशास्त्र आहे. त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात दर सातव्या वर्षी शेजाऱ्याचं कर्ज सोडून देण्याची आज्ञा आहे, आणि सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरिबाला उसनं द्यायला हात आखडू नका, अशी तंबीही. म्हणजे लोक तेव्हाही हिशेबाला पक्के होते.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला निर्दय चाकराचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली गोष्ट, या पार्श्वभूमीवर वाचायला हवा. राजा चाकराला दहा हजार तालांत सोडतो. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवस. एकूण रक्कम झाली सहा कोटी दिवसांची मजुरी. तोच चाकर बाहेर पडून सोबत्याची मानगूट धरतो ती शंभर दीनारांसाठी, म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांच्या रोजासाठी. शंभर दीनार ही काही किरकोळ रक्कम नव्हे, हे प्रवचनांत बहुधा सांगायचं राहून जातं. आपल्याला कुणी दुखावलं ते खोटं असतं असं दाखला म्हणत नाही. देणं खरं आहे, फक्त त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवलेला आहे.

पुढे चर्चच्या इतिहासात हा हिशेब वारंवार कागदावर उतरला. इ.स. २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसने सर्वांना देवांपुढे बली द्यायला लावलं आणि बली दिल्याचे लेखी दाखले दिले. कित्येक ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने बली दिला, कित्येकांनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे लोक परत आले. त्यांना आत घ्यायचं का? रोममध्ये नोवेशियन हा धर्मगुरू ‘नाही’ म्हणाला. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने प्रायश्चित्ताची अट घालून दार उघडं ठेवलं. पुढे आयरिश मठवासीयांच्या प्रभावाने खाजगी पापकबुली रुळली आणि १२१५च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी ती सक्तीची केली. बेळगावच्या कोकणी कॅथलिकांच्या तोंडी तिचं नाव ‘कुमसार’. हा पोर्तुगीज काळातला शब्द आहे. १५१७ मध्ये ल्यूथर चिडला तोही अशाच कागदांवर, पैसे मोजून मिळणाऱ्या दंडमाफीपत्रांवर.

बेळगावात प्रोटेस्टंट मिशन आलं ते छावणीच्या मागोमाग. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला आणि १८२० मध्ये लंडन मिशनचं काम सुरू झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मेथडिस्टांकडे गेलं. मराठी नवा करार श्रीरामपूरहून १८११ मध्येच छापून निघाला होता. तो ऐकणाऱ्या समाजाला ऋण, सावकार, खत हे शब्द कुणी समजावून सांगावे लागत नव्हते. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्यापासून पेटलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. राजाने आपण होऊन खत फाडावं, ही कल्पना अशा मुलखात किती अचाट वाटली असेल!

आणि क्षमा करण्याची पाळी पहिल्यांदा आली ती धर्मांतरितांवरच. मराठी गद्याच्या इतिहासात ‘यमुनापर्यटन’मुळे ठाऊक असलेले बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावात जन्मले आणि त्यांचा बाप्तिस्माही १८५४ मध्ये बेळगावातच झाला. त्या काळी बाप्तिस्मा घेणं म्हणजे पंगत, पाणी, सोयरीक सगळ्याला मुकणं. धर्म सोडला म्हणून वारसाहक्क जाणार नाही, असा कायदा १८५० मध्ये झाला होता. पण कायद्याने वाटणी मिळते, घरचा उंबरठा मिळत नाही. घरच्यांच्या दृष्टीने अपराध मुलाचा, मुलाच्या दृष्टीने टाकलं ते घरच्यांनी. कोण कुणाचं ऋण सोडणार? इथे मराठीचा आणखी एक वाक्प्रचार आठवतो: ‘अपराध पोटात घालणे’. त्यात हिशेब नाही, आईपण आहे. मंडळीत मागितलेली क्षमा ऋणाच्या भाषेत आणि घरी मागितलेली पोटाच्या भाषेत, असा दुहेरी संसार मराठी ख्रिस्ती माणूस तेव्हापासून करत आला आहे.

ऋण सोडलं म्हणजे न्यायही सोडला का, हा प्रश्न मग उरतोच. जिथे १९५६ पासून हक्काचा वाद चालू आहे आणि तो २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्या सीमाभागात तर तो हमखास विचारला जातो. (भाषेच्या वादावर ‘क्षमा करा आणि विसरा’ हा उतारा सुचवणारे बहुधा कुठल्याच बाजूचे नसतात.) बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ मध्ये गोव्यापासून वेगळा झाला. त्याचं कॅथेड्रल फातिमा मातेचं, म्हणजे पोर्तुगालमधल्या फातिमा गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मरियेचं. फातिमा मातेचा दिवस १३ मे, आणि १९८१ मध्ये त्याच दिवशी पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चारच दिवसांनी त्यांनी मारेकऱ्याला क्षमा केल्याचं जाहीर केलं आणि १९८३ मध्ये तुरुंगात जाऊन ते त्याला भेटले. मारेकरी मात्र इटलीच्या तुरुंगात २००० सालापर्यंत होता. ओडिशात जानेवारी १९९९ मध्ये पती आणि दोन मुलगे जिवंत जाळले गेल्यावर ग्लॅडिस स्टेन्स यांनी क्षमा केली. खटला आपल्या गतीने चालला आणि मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. वैयक्तिक देणं सोडणं आणि सरकारी दावा चालू राहणं, या दोन वेगळ्या वह्या आहेत.

मराठी ओळीची एक खोच तिच्या व्याकरणात आहे. ग्रीकमध्ये मागणं आधी येतं, ‘जसे आम्ही’ नंतर. मराठीची ‘जसे-तसे’ची घडण हा क्रम उलटवते. आधी आपण काय केलं ते सांगायचं, तेही ‘सोडले आहे’ असं झालेल्या गोष्टीसारखं, आणि मगच हात पसरायचा.

कॅथलिक मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, ही प्रार्थना संपल्यावर लगेच शांतीची खूण येते. १९६९ मध्ये भारतीय उपासनेसाठी मान्य झालेल्या बारा बदलांमुळे ती आपल्याकडे हात जोडून करता येते. शेजारच्या बाकाकडे वळून नमस्कार करायचा असतो. बांधावरून किंवा वाटणीवरून अबोला असलेली दोन घरं एकाच देवळात असली, तर त्या घटकेला कोण कुणाकडे वळलं नाही, हे मागच्या बाकावरून स्वच्छ दिसतं.