‘ॲक्झोनल’ : रिपोर्टातल्या एका शब्दाची पार्श्वभूमी

दिंडोरीहून नाशिकला येताना माझे मामा म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठावरून शेकडो वेळा गेले असतील. तिथं शिकवला जाणारा एक शब्द गेल्या महिन्यात त्यांच्याच कागदावर उमटला. साखर जुनी, तळपायाला मुंग्या, चप्पल पायातून सुटली तरी कळत नाही. एनसीव्ही, म्हणजे नसांची तपासणी झाली आणि खाली लिहून आलं ‘ॲक्झोनल’. मामांचा पहिला प्रश्न : “नस दबलीय का?”

आपली ‘नस’ रक्ताचीही असते आणि संवेदनेचीही, त्यामुळे घोळ तिथूनच सुरू होतो. ॲक्झॉन म्हणजे चेतापेशीतून निघणारा, संदेश वाहणारा लांब तंतू; पाठ्यपुस्तकात त्याला अक्षतंतू म्हणतात. ‘ॲक्झोनल’ म्हणजे नस दबली असं नव्हे, तर हा तंतूच खराब झालाय. ग्रीक ‘ॲक्झॉन’ म्हणजे गाडीचा आस आणि संस्कृत ‘अक्ष’ म्हणजेही आसच. भाषाशास्त्रज्ञ दोन्ही शब्द एकाच मुळाचे मानतात. म्हणजे आपला प्रतिशब्द उसना असूनही घरचाच निघाला.

आसच का, तर तंतूचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला की मध्ये दांडा आणि भोवती वेष्टण दिसतं. १९ व्या शतकाच्या पूर्वार्धातल्या संशोधकांना हे दिसलं आणि मधल्या भागाला ‘अक्ष-दंड’ अशा अर्थाचं नाव पडलं. हा दांडा चेतापेशीतूनच निघतो आणि पेशीच्या इतर फांद्यांहून वेगळा असतो, हे ओट्टो डायटर्स या जर्मन संशोधकाने दाखवलं. वयाच्या २९ व्या वर्षी तो गेला; त्याचं काम १८६५ मध्ये, मृत्यूनंतर छापलं गेलं. ‘ॲक्झॉन’ हे सुटसुटीत नाव कोलिकर यांनी १८९६ मध्ये रूढ केलं. भोवतीच्या वेष्टणाला फिर्खो यांनी १८५४ मध्ये ‘मायलिन’ म्हटलं होतं, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ मगज, मज्जा. आपल्या ‘मज्जातंतू’शी हे किती जुळतं!

पण मामांच्या कागदाशी खरा संबंध ऑगस्टस वॉलर यांच्या १८५० च्या प्रयोगाचा. बेडकाच्या जिभेच्या नसा कापल्यावर कापल्या जागेपलीकडचा, म्हणजे पेशीपासून तुटलेला भाग झडत गेला. तंतू पेशीच्या पोसण्यावर जगतो, हे त्यातून निघालं. १९४८ मध्ये वाइस आणि हिस्को यांनी नस आवळून पाहिली, तर आवळल्या जागेच्या वरच्या, म्हणजे पेशीकडच्या बाजूला पेशीतून येणारा माल तुंबून तंतू फुगले. बांध घातल्यासारखे.

हे सांगितल्यावर मामा म्हणाले, “म्हणजे कालव्यासारखं. टेलला पाणी पोचत नाही.” याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं. पायाच्या बोटांची संवेदना आणणाऱ्या पेशी पाठीच्या कण्याजवळ असतात. एका पेशीचा तंतू जवळपास एक मीटर लांब. पोसणं कमी पडलं की सगळ्यात लांबचं टोक आधी सुकतं. म्हणून मधुमेहात सहसा पाय आधी, हात नंतर.

डॉक्टरांच्या लेखी या शब्दाचा उपयोग नेमका आहे. वेष्टण खराब झालं, तर संदेश पोचतो पण रेंगाळत. तंतूच गेले, म्हणजे ‘ॲक्झोनल’ असलं, तर उरलेल्यांचा वेग बराचसा टिकतो आणि तपासणीतल्या आलेखाची उंची घसरते. शरीराची प्रतिकारशक्ती नसांवरच उलटते त्या गिलाँ-बारे आजारातही हा फरक पाहतात, कारण उपचार तेच असले तरी तंतू तुटलेल्याला सावरायला सहसा वेळ जास्त लागतो. अपघातातल्या जखमांसाठी सेडन यांनी १९४३ मध्ये ‘ॲक्झोनॉटमेसिस’ हा शब्द दिला : आतला तंतू तुटलेला, बाहेरची नळी शाबूत. अशा वेळी तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने परत वाढतो.

मामांनी लगेच बोटांवर हिशेब केला, “मीटरभराला तीन वर्षं.” मला तो खोडावा लागला. तो हिशेब एकदाच तुटलेल्या नसेचा. साखर चढलेली असताना इकडे वाढ होते न होते, तोवर तिकडे झड चालूच असते.