मेंदूचं घड्याळ आणि क्लेमचं घड्याळ

समजा, चाकणच्या एका कारखान्यातल्या बत्तीस वर्षांच्या सुपरवायझरला ट्रकने उडवलं आणि डोक्याला मार लागला. नऊ दिवस आयसीयू, महिन्याभरात घरी. चालतो, बोलतो, पाहुण्यांना ओळखतो. ‘जिवावरचं शेपटावर निभावलं’ असं सगळे म्हणतात. आठ महिन्यांनी लोकअदालतीत विमा कंपनी एक आकडा पुढे करते आणि वकीलही म्हणतात, घेऊन टाका. बायको मात्र गप्प. गॅसवर दूध करपून धूर झाला तरी नवऱ्याला वास येत नाही, संध्याकाळी पोरांच्या आवाजाने तो पिसाळतो आणि परवा त्याने कुणाला तरी वीस हजार उसने देऊन टाकले, हे तिलाच ठाऊक असतं.

वास न येण्याचं कारण साधं आहे. नाकातून मेंदूकडे जाणारे बारीक तंतू कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून वर जातात. डोक्याला हिसका बसला की ते तुटू शकतात. मेंदूच्या आतही असंच होतं. मेंदू घट्ट दह्यासारखा मऊ. कवटी अचानक थांबते, तो आत गरकन फिरतो आणि पेशींना जोडणारे लांब तंतू ताणले जातात. यातले बरेच त्या क्षणी तुटत नाहीत, पुढच्या काही तासांत सुजून निकामी होतात. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि हाडाची चीर चांगली दाखवतो, हे तंतू त्यात बहुधा दिसत नाहीत. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल’ आणि ‘माणूस पूर्वीसारखा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शुद्धीची पातळी मोजणारा ३ ते १५ गुणांचा ग्लासगो कोमा स्केल १९७४ मध्ये आला. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर इजा. हा आकडा डिस्चार्ज कार्डावर असतो, पण तो अपघातानंतरच्या पहिल्या काळाबद्दल बोलतो. दोन वर्षांनी माणूस पगार, रागलोभ आणि हिशेब सांभाळू शकेल का, हे त्यातून नेमकं कळत नाही. सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत जास्त असतो, पुढे मंदावतो, तरी गंभीर इजेत दीड-दोन वर्षं आणि काही वेळा त्यानंतरही फरक पडत राहतो.

कायद्याचं घड्याळ याच्या उलट पळतं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करण्याची मुदत घातली. १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली आणि तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हानही दिलं गेलं. पण अर्ज करणं वेगळं, तडजोड करणं वेगळं. माझं मत विचाराल तर अर्ज लगोलग करावा, सही मात्र सावकाश. लोकअदालतीतल्या निवाड्यावर अपील नाही. वर्षभराने पहिली फिट आली म्हणून प्रकरण पुन्हा उघडत नाही.

आणि फिट येऊ शकते. अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या ४,५४१ जखमींचा १९९८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की गंभीर इजेनंतर पाच वर्षांत सुमारे १० टक्के, तर तीस वर्षांत सुमारे १७ टक्के लोकांना अपस्मार जडतो. सौम्य इजेत पाच वर्षांचा आकडा एक टक्क्याहूनही कमी. इंग्लंडमध्ये अशा शक्यतेसाठी ‘आत्ता एवढं घ्या, पुढे अमुक झालं तर परत या’ असा आदेश मिळू शकतो. आपल्याकडे शेवटचा आकडा एकदाच ठरतो.

तो कसा ठरतो ते पाहा. पगार महिना २५,००० धरला तर वर्षाचे ३ लाख. त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणायचं. बत्तिशीला गुणक १६, म्हणजे ४८ लाख. कमावण्याची क्षमता ३० टक्के गेली असं मानलं तर १४.४ लाख, ७० टक्के मानलं तर ३३.६ लाख. (भावी पगारवाढ, औषधोपचार, वेदना हे सगळं वेगळं.) सिव्हिल हॉस्पिटलच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी आणि कमाईतली घट एकच नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं. डावा हात गेला तर सुताराचा धंदा बसतो, कारकुनाची नोकरी टिकू शकते. डोक्याच्या इजेत हा फरक न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणीतून दिसतो: लक्ष, स्मरण, निर्णय. सुधारणा सुरू असताना एकदाच केलेली चाचणी फसवते. काही महिन्यांच्या अंतराने दोनदा केली आणि निकाल सारखा आला, की बोलणी करायला पाया मिळतो.

सगळ्यात अवघड साक्षीदार स्वतः रुग्ण असतो. कपाळामागचा भाग दुखावला की आपल्यात काही बदललंय हेच कळेनासं होतं. ‘मी ठणठणीत आहे’ असं तो मनापासून सांगतो, विमा कंपनीच्या माणसालाही. अशा वेळी बायकोची वही कामाला येते: तारीख, काय घडलं, कोण हजर होतं. कामावर परत घेतलं आणि तीन आठवड्यांत घरी पाठवलं, तर ते पत्रही.

थांबायलाही किंमत पडते. घरभाडं, फी, फिजिओथेरपी थांबत नाही. न्यायालय बहुधा अर्जाच्या तारखेपासून व्याज देतं, पण व्याजावर आज चूल पेटत नाही. इजा सौम्य असेल, तीन महिन्यांत डोकेदुखी आणि चक्कर गेली असेल, माणूस कामावर रुळला असेल, तर ताणण्यात अर्थ नाही. आपली बाजू लंगडी असेल, चूक निम्मी आपली ठरण्याजोगी असेल, तरीही लवकरची तडजोड शहाणपणाची ठरू शकते.

लहान मुलांचं गणित निराळं. मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. सहा वर्षांच्या मुलाची उणीव कधीकधी आठवीत, स्वतः नियोजन करायची वेळ आल्यावर दिसते. अल्पवयीन मुलाच्या वतीने तडजोड करायला न्यायालयाची परवानगी लागते ती उगीच नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बारा वर्षांच्या वयात मेंदूला इजा झालेल्या मुलीची भरपाई सुमारे २५.७८ लाखांवरून ६२.२७ लाखांवर नेली. त्यात २१.६ लाख केवळ तिला सांभाळणाऱ्या दोन माणसांसाठी होते: प्रत्येकी महिना ५,००० रुपये, अठराच्या गुणकाने.