चौकटीच्या आधी वाटाणे होते

नववीच्या वर्गात आनुवंशिकतेचा धडा सुरू झाला की फळ्यावर चार घरांची चौकट येते. वर एका पालकाच्या जनुकांची अक्षरे, डावीकडे दुसऱ्याच्या, आणि घराघरांत जोड्या. तीन झाडे उंच, एक बुटके. मुले हे पटकन शिकतात आणि परीक्षेत गुणही मिळवतात. पण ही चौकट आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेल यांची नाही. ती केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेट यांची, १९०५ च्या सुमाराची. मेंडेल यांच्याकडे होते वाटाणे आणि ते मोजत बसण्याची चिकाटी. शाळेने चौकट घेतली आणि मोजणी मागे ठेवली. या विषयाच्या अध्यापनात आजही ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बऱ्याच मला इथून निघालेल्या दिसतात.

मठात राहणारे ग्रेगोर मेंडेल स्वतः शाळामास्तर होते. ब्रुन (आजचे चेक प्रजासत्ताकातले ब्रनो) इथल्या शाळेत १८५४ ते १८६८ अशी चौदा वर्षे त्यांनी भौतिकशास्त्र आणि निसर्गविज्ञान शिकवले, तेही बदली शिक्षक म्हणून. कायम नेमणुकीसाठी लागणारी परीक्षा १८५० मध्ये हुकली आणि १८५६ मध्ये पुन्हा हुकली. त्याच १८५६ साली मठाच्या बागेत वाटाण्याचे प्रयोग सुरू झाले. बियांच्या आकाराच्या प्रयोगात त्यांनी दुसऱ्या पिढीत २५३ झाडांच्या ७३२४ बिया मोजल्या. ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेल्या. भागाकार केला की २.९६ येतात. पुस्तकातले ‘तीनास एक’ ते हेच.

त्यांच्या निबंधातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मात्र पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. एकेका झाडाचे आकडेही त्यांनी दिले आहेत. पहिल्या झाडावर ४५ गोल, १२ सुरकुतलेल्या. चौथ्यावर १९ आणि १०. एका झाडावर तर ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेल्या, दुसऱ्या एकावर १४ आणि १५, म्हणजे प्रमाण चक्क उलटे. एका झाडाकडे बघून ‘तीनास एक’ कधीच कळले नसते. हे प्रमाण योगायोगातून घडते, आणि पुष्कळ मोजल्यावरच दिसू लागते. चार घरांच्या चौकटीत हा योगायोग दिसत नाही. तिथे तीन म्हणजे तीन आणि एक म्हणजे एक.

१८६५ मध्ये वाचलेल्या आणि १८६६ मध्ये छापलेल्या या निबंधाकडे जगाचे लक्ष गेले ते १९०० मध्ये. त्यानंतर हा विषय शाळेच्या पुस्तकांत लवकर शिरला, पण सोबत विषही घेऊन आला. १९१४ च्या एका अमेरिकी पाठ्यपुस्तकात उत्क्रांतीबरोबर सुप्रजननशास्त्रही, म्हणजे निवडक माणसांच्या प्रजननातून मानववंश ‘सुधारण्याचा’ विचारही होता. बियांचा रंग जसा उतरतो, तशी गुन्हेगारी आणि मंदबुद्धीही घराण्यात उतरते, असे ते मुलांना सांगत होते. टेनेसी राज्यात १९२५ मध्ये जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला चालला, तो याच पुस्तकावरून. खटला सगळ्यांच्या लक्षात राहिला, ती पाने मात्र विस्मरणात गेली. सोव्हिएत रशियात याच्या अगदी उलटे घडले. १९४८ मध्ये सत्तेचा पाठिंबा असलेले कृषितज्ज्ञ लायसेन्को यांच्या आग्रहापुढे मेंडेल यांचा विचार वर्गाबाहेर गेला, तो थेट साठच्या दशकाच्या मध्यावर परतला.

१९५३ मध्ये डीएनएची, म्हणजे आनुवंशिक माहिती वाहणाऱ्या रेणूची, रचना उलगडली आणि शिकवण्याचा भर झाडावरून रेणूकडे वळला. १९७३ मध्ये एका जिवाचा डीएनए तुकडा दुसऱ्यात घालणे साधले, १९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेले मानवी इन्सुलिन औषध म्हणून मान्य झाले. आता खडू-फळा पुरेना. अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बर इथे १९८८ मध्ये खास शाळकरी मुलांसाठी डीएनए केंद्र उघडले. भारतात ही लाट वरून खाली आली. १९८६ मध्ये केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग झाला, पुण्यासारख्या मोजक्या विद्यापीठांत पदव्युत्तर वर्ग निघाले, गोव्यात पुढे सागरी जैवतंत्रज्ञान आले. शाळेपर्यंत यायला त्यानंतर बराच काळ गेला. बालभारतीच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात ‘पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान’ असा स्वतंत्र पाठ आहे.

प्रयोगशाळा नसली तरी एक प्रयोग कुठल्याही शाळेत होतो. पिकलेले केळे कुस्करायचे, त्यात भांडी घासायच्या साबणाचे पाणी आणि चिमूटभर मीठ घालायचे, गाळायचे आणि भांड्याच्या कडेने थंड स्पिरिट हळूच सोडायचे. दोन थरांच्या सीमेवर पांढरट, चिकट तंतू वर येतात. काडीला गुंडाळून ते उचलताना मागच्या बाकावरची मुलेही उठून पुढे येतात.

शब्दांचीही एक अडचण आहे. ‘गुणसूत्र’ म्हटले की गुण वाहणारा धागा डोळ्यांपुढे येतो, ‘जनुक’मध्ये जन्म ऐकू येतो. पण अकरावीत विज्ञान बहुधा इंग्रजीत सुरू होते आणि मराठी माध्यमातल्या मुलांची दहावीपर्यंतची ही ओळख पुसली जाते. त्यातच २०२२-२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीतला उत्क्रांतीचा भाग वगळला. अठराशेहून जास्त वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी पत्र लिहून त्याला विरोध केला. तो विरोध योग्यच होता. बदल कसे टिकतात हे न सांगता वारसा शिकवणे म्हणजे अर्धी गोष्ट सांगणे.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार नववीच्या पुस्तकात आहे. नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या वर्गात मात्र तो पुस्तकापुरता नसतो, घरातही असू शकतो. आई-वडील दोघे वाहक असले, म्हणजे दोघांकडे आजाराचे एकेक जनुक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. चौकट बघून मुले म्हणतात, पहिल्या मुलाला आजार झाला, म्हणजे पुढची तीन सुटली. तसे नाही. हे समजावायला दोन डबे पुरतात. एक डबा आईचा, एक वडिलांचा; प्रत्येकात निम्मे लाल, निम्मे पांढरे वालाचे दाणे, पांढरा म्हणजे आजाराचे जनुक. न बघता दोन्हींतून एकेक दाणा उचलायचा, जोडी वहीत लिहायची, आणि पुढची जोडी काढण्याआधी दोन्ही दाणे आपापल्या डब्यात परत टाकायचे.