बिल्ड अडला तर आधी हे पाहा

वडोदऱ्यातील मकरपुरा जीआयडीसी (औद्योगिक वसाहत) आणि आसपासच्या आमच्या ग्राहकांना आम्ही प्रोग्राम सोर्स कोडसकट देतो. कॉम्प्युटर बदलला तरी तुमचे काम थांबू नये, हा त्यामागचा हेतू. नव्या कॉम्प्युटरवर बिल्ड, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणे, अडला, तर कोडला हात लावण्याआधी कंपायलर (कोडचे मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) आणि त्याची सेटिंग तपासा.

पहिली एरर शोधा, शेवटची नव्हे. एका ठिकाणी चूक झाली की पुढे एररची रांग लागू शकते, आणि त्यातल्या बऱ्याच खोट्या असतात. एकाच वेळी अनेक फाइली कंपाइल होत असतील तर क्रम मिसळतो. म्हणून ‘मेक’ला (फाइली क्रमाने कंपाइल करवून घेणारा प्रोग्राम) एका वेळी एकच काम द्या आणि पुन्हा चालवा.

सर्वांत जास्त वेळ खाते ती जुनी बिल्ड फोल्डर. सीमेक हा बिल्डची तयारी करून देणारा प्रोग्राम. तो पहिल्यांदा चालवला की कोणता कंपायलर सापडला आणि लायब्ररी (तयार कोडचे संच) कुठे आहेत, हे तो आपल्या कॅश फाइलमध्ये लिहून ठेवतो. नंतर तुम्ही नवा जीसीसी (कंपायलर) टाकलात, पाथ (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) बदललात, तरी तो जुन्याच नोंदीवर चालतो. जुन्या कॉम्प्युटरवरून सगळे पेनड्राइव्हने आणले असेल तर ही नोंदही सोबत येते, आणि फोल्डरची जागा वेगळी दिसताच सीमेक थांबतो. अशा वेळी बिल्ड फोल्डर पूर्ण काढून टाका आणि नव्याने सुरू करा. सोर्स फोल्डर मात्र मुळीच काढू नका.

विंडोजवर एकाहून अधिक जीसीसी असू शकतात. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला पाथमध्ये पुढे असेल, तर तोच चालतो. कमांड प्रॉम्प्टवर ‘व्हेअर जीसीसी’ (where gcc) लिहिले की सगळे दिसतात, सर्वांत वरचा वापरला जातो.

‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ही तक्रार लिंकरची, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामची आहे. फाइल कंपाइल झाली, पण फंक्शनचा कोड सापडला नाही. लायब्ररीचे नाव राहिले आहे का पाहा. दिले असेल तर ते ऑब्जेक्ट फाइलींच्या (कंपाइल झालेल्या फाइलींच्या) नंतर आहे का, हेही पाहा. जीसीसीबरोबर चालणाऱ्या जीएनयू लिंकरला स्टॅटिक (प्रोग्राममध्येच जोडल्या जाणाऱ्या) लायब्ररींचा क्रम महत्त्वाचा असतो.

मेकफाइल (‘मेक’साठीच्या सूचनांची फाइल) हाताने बदललीत तर कमांडच्या ओळीआधी टॅबच हवा, स्पेस चालत नाही. फोल्डरच्या नावातही स्पेस ठेवू नका, मेक तिथे चुकतो.

तरीही अडले तर कळवा. स्क्रीनचा फोटो नको. पूर्ण लॉग टेक्स्ट फाइलमध्ये आणि कंपायलरची आवृत्ती पाठवा.