अग्निअश्वाचं वर्ष आणि जननदराचा आकडा

जपानचा २०२४ चा एकूण जननदर १.१५. असा आकडा छापून आला की ‘जपानी बाईला आयुष्यात सरासरी सव्वा मूलही होत नाही’ असा अर्थ सर्रास लावला जातो. तो चुकीचा आहे. हा आकडा कुठल्याच खऱ्या बाईच्या आयुष्याचा नसतो.

तो काढतात असा: १५ ते ४९ पैकी एक वय घ्यायचं. त्या वयाच्या स्त्रियांना त्या वर्षी झालेली बाळं भागिले त्या वयाच्या एकूण स्त्रिया. असे पस्तीस भागाकार करून बेरीज करायची. पस्तीस वेगवेगळ्या पिढ्यांचे तुकडे जोडून एक काल्पनिक बाई उभी राहते.

आपल्या प्रभव ते क्षय संवत्सरांसारखं जपानमध्येही साठ वर्षांचं चक्र आहे. त्यातलं एक वर्ष ‘हिनोए-उमा’, म्हणजे अग्निअश्वाचं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या जिवावर उठते अशी समजूत. पत्रिकेतल्या मंगळाइतकीच निराधार, आणि मुलींवर तितकाच अन्याय करणारी. १९६५ साली जपानमध्ये १८.२ लाख बाळं जन्मली, अग्निअश्वाच्या १९६६ मध्ये १३.६ लाख, १९६७ मध्ये १९.४ लाख. जननदर २.१४ वरून १.५८ वर कोसळला आणि लगेच २.२३ झाला. पण १९४० च्या दशकात जन्मलेल्या जपानी स्त्रियांची अंतिम सरासरी दोनच्या आसपासच राहिली. बाळंतपणं टळली नव्हती, बरीचशी पुढे-मागे सरकली होती.

हेच सरकणं संथपणे, वर्षानुवर्षं चालू राहिलं तर? समजा, प्रत्येकीला दोनच मुलं होतात, पण सलग दहा वर्षांत जन्मलेल्या स्त्रियांमध्ये, पहिलीपासून शेवटचीपर्यंत, मातृत्वाचं वय हळूहळू एक वर्षाने वाढलं. दहा वर्षांत व्हायची बाळं अकरा वर्षांत पसरली. वार्षिक दर झाला २ × १०/११, म्हणजे १.८२. एकही मूल कमी न होता! अर्थात लांबवलेलं सगळंच नंतर भरून निघत नाही. वय वाढलं की गर्भधारणा अवघड होते आणि दुसरं मूल राहूनच जातं. म्हणून १.१५ मधली काही घट आभासी, उरलेली खरी.

स्थलांतराने आणखी एक गोंधळ होतो. टोकियोचा २०२३ चा दर ०.९९, म्हणून ‘शहर बाळं गिळतं’ अशी ओरड झाली. एखाद्या गावात २७ वर्षांच्या १०० स्त्रिया आहेत आणि वर्षात १० बाळं झाली, तर त्या वयाचा दर ०.१०. त्यातल्या ३० अविवाहित मुली नोकरीसाठी टोकियोला गेल्या. बाळं तेवढीच, पण छेद ७० झाला आणि गावाचा दर ०.१४ वर गेला. तिकडे टोकियोचा छेद फुगला. जपानमध्ये लग्नाबाहेर फार थोडी मुलं जन्मतात, त्यामुळे हा फरक मोठा दिसतो.

२०२६ पुन्हा अग्निअश्वाचं वर्ष. त्याचे आकडे येतील तेव्हा २०२५ आणि २०२७ शेजारी ठेवूनच वाचावेत. शिवाय १९७३ साली जपानमध्ये सुमारे २०.९ लाख बाळं जन्मली होती, १९९० च्या दशकात वर्षाला साधारण १२ लाख. आज आई होण्याच्या वयात आहेत त्या या १२ लाखांमधल्या मुली. दर जागचा हलला नाही तरी पाळणे कमीच हलणार.