कापसावरच्या गुलाबी बोंडअळीचे सापळे आमच्याकडून नेणाऱ्यांसाठी: पिशवी रोज बघा

ऑगस्ट लागला की आमच्या व्हॉट्सॲपवर एकाच तऱ्हेचे फोटो सुरू होतात, पतंग पकडायच्या कामगंध सापळ्याच्या पिशवीत तळाला नुसता भुगा आणि खाली मेसेज, "भाऊ, फवारू का?" आता त्या भुग्यावरून आम्ही काय सांगणार? आठ-दहा दिवस पिशवी उघडलीच नाही तर पंख झडतात, मुंग्या लागतात, आणि साठ पतंग मोजले तरी ते एका रात्रीत आले की रोज थोडे थोडे, ते कळत नाही. फवारणीचा आकडा रोजचा आहे, एका सापळ्यात रोज ८ पतंग, तेही सलग ३ रात्री. म्हणून पिशवी रोज सकाळी रिकामी करायची आणि आकडा वहीत टाकायचा. दोन मिनिटांचं काम आहे, पण सगळे इथंच चुकतात आणि आमची सकाळ भुगा निवडण्यात जाते.

पतंगच का मोजायचे, अळी का नाही? कारण अळी दिसतच नाही. मादी पात्यांवर (कळ्यांवर), फुलांवर, नंतर हिरव्या बोंडांवर अंडी घालते, ४-५ दिवसांत अळी निघते आणि लगेच आत शिरते, वरचं भोक बुजतं, बोंड बाहेरून एकदम चांगलं. आत गेलेल्या अळीपर्यंत औषध पोचत नाही. डोमकळ्या, म्हणजे न उमलता मिटून राहिलेली फुलं, दिसल्या म्हणजे ती आधीच आत बसलेली आहे. सुरुवातीला अळी पांढुरकी असते, गुलाबी मोठी झाल्यावर होते, दोनेक आठवडे खाते, मग कोष. बोंडअळीला रोखणाऱ्या बीटी कापसाला ती गुजरातेत २०१० च्या सुमारास दाद देईनाशी झाली आणि २०१७ ला विदर्भात तिनं कापसाचं काय केलं ते तुम्ही बघितलंच आहे.

पतंग ओळखायचा तर तो बारका असतो, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, करडा-तपकिरी, पुढच्या पंखांवर काळपट डाग, मागचे पंख चंदेरी आणि कडेला झालर. दिवसा भेगांत, पालापाचोळ्यात लपतो, रात्री उडतो. शास्त्रात त्याला पेक्टिनोफोरा गॉसिपिएला म्हणतात, कुळ जेलेचिडी. अमेरिकन बोंडअळीचा पतंग जाडजूड, त्याचं कुळ वेगळं आणि ल्यूरही (सापळ्यात लावायची मादीच्या वासाची गोळी) वेगळं. एकाच सापळ्यात दोन्ही ल्यूर लावू नका, मग मोजणीला अर्थ राहत नाही. आणि पिशवीत येतात ते फक्त नर, म्हणजे सापळा भरला तरी शेतातल्या माद्या शेतातच आहेत.

उघडलेलं ल्यूर आम्ही परत घेत नाही, यावरून दरवर्षी वाद होतो. पाकीट फुटलं की वास उडायला लागतो, ते दुसऱ्याला कसं द्यायचं? आमच्याकडे ल्यूर फ्रीजमध्ये असतात, कीटकनाशकाच्या रॅकवर नाही, त्यामुळे दुकानापेक्षा दहा-वीस रुपये इकडेतिकडे होतात. लावताना हाताला तंबाखू, औषध काही नको.

पेरणीनंतर ४५ दिवसांनी एकरी २ सापळे, पिकाच्या वर फूटभर. ल्यूर ३-४ आठवड्यांनी बदला, जुनं बांधावर फेकू नका. बदलायची तारीख पाकिटावर आम्हीच लिहून देतो, आणि सापळ्यासोबत मोजणीची छापील वही फुकट आहे, मागून घ्या. फरदड ठेवणार असाल, म्हणजे वेचणीनंतरही तेच पीक पुढे चालवणार असाल, तर मात्र वहीचा काही उपयोग नाही, डिसेंबरनंतर पऱ्हाटी (कापसाची झाडं) उभी राहिली की पुढच्या हंगामाची अळी तिथंच बसते.